किसनरावांनी न घेतलेलं गाणं

कळमनुरीच्या बाजारात मोटेवर चालणारा बैल विकला, की विकणारा घेणाऱ्याच्या हातात दावं देई आणि मग त्याच्या कानाशी उभा राहून गाणं म्हणे. नवख्या माणसाला हा प्रकार वेडेपणाचा वाटे. दोन मिशीवाले बाप्ये, पाय शेणात, आणि एकजण दुसऱ्याला चाल शिकवतोय. पण त्यात वेड काही नव्हतं. मोटेचा बैल उतारावरून खाली जातो तो गाण्यावर, आणि विहिरीतली मोट वर येऊन रिकामी झाली की उलट्या पावलांनी मागे सरतो तोही गाण्यावर. वर्षानुवर्षं एकच चाल ऐकून त्याचे पाय तिला बांधले जातात. त्यामुळे बैल घेतला आणि गाणं घेतलं नाही, तर अर्धाच बैल घरी आला, असं तिकडची माणसं समजत.

चिंचगव्हाणच्या किसनरावांनी ही चूक भर बाजारात, चार शहाण्या माणसांदेखत केली. लढाईची सालं होती. रॉकेल मिळत नव्हतं, माणसं वैतागलेली होती, पण ते काही कारण नव्हे. त्यांचा सोन्या नावाचा बैल पोळ्यानंतर म्हातारपणानं गेला होता आणि जोडीचा चांद्या दावणीला एकटाच उभा होता. म्हणून किसनराव बाजारात आले आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या रतनसिंगचा मोऱ्या त्यांना पसंत पडला. त्यांनी दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवरचा भोवरा पाहिला, शेपूट ओढून पाहिली. रतनसिंगनं दावं त्यांच्या हातात दिलं, घसा खाकरला आणि उजवा हात कानाशी नेला. किसनरावांनी तळवा वर केला.

"ऱ्हाऊ द्या, रतनसिंग. माझं मोटंचं गानं माझ्यापाशी हाये. शिकंल तो बराबर."

"बापू, एक कडवं तरी ऐका. माझं न्हाई, बैलाचं हाये."

"ऐकल्यासारखंच हाये की. समदं त्यातलंच असतंय."

रतनसिंगनं हात खाली घेतला. त्यानं एकदा मोऱ्याकडे पाहिलं, एकदा किसनरावांकडे पाहिलं आणि "मर्जी तुमची" म्हणून तो चहा प्यायला निघून गेला.

किसनरावांच्या तोंडून ‘समदं त्यातलंच’ ऐकून बाजारातल्या जुन्या माणसांना भोवळ यायचीच बाकी राहिली. कारण हाच माणूस विशीत होता तेव्हा नव्या चालीपायी जीव टाकत असे. औंढ्याला शिवरात्रीला लोक देवाच्या दर्शनाला जात. किसन जायचा तो देवळाबाहेर झाडाखाली बसलेल्या गोसाव्याला ऐकायला. देवाला हात जोडायचे राहून गेले, हे त्याला अर्ध्या वाटेत आठवायचं. नरसीच्या जत्रेत कुठल्या गावच्या भजनी मंडळीनं काय नवीन आणलं, दर्ग्याच्या उरुसात कव्वालानं कुठला सूर लावला, याची खबर त्याला जितकी असे तितकी स्वतःच्या रानात काय पेरलंय याची नसे. गाणारा सापडला की त्याच्या पुढ्यात गुडघ्याला गुडघा लावून बसायचं आणि म्हणायचं, "पुन्यांदा म्हना." पहिल्यांदा ऐकायचा, दुसऱ्यांदा बरोबर म्हणायचा, आणि तिसऱ्यांदा गाणाऱ्याची गरजच उरायची नाही. एका गोंधळ्याला गाण्यापायी अंगावरचं नवं धोतर देऊन तो पंचा गुंडाळून घरी आला होता, आणि वर बापाला सांगत होता की सौदा स्वस्तात झाला.

मोटेवर तो दर आठवड्याला चाल बदलायचा. बैल बिचारे चक्रावून जात. नवं कडवं रंगात आलं की हा मोट रिकामी झाली तरी बैलांना मागे घ्यायचं विसरे, आणि ते उताराच्या टोकाशी उभे राहून वाट बघत. पाटाचं पाणी तुटलं की रानाच्या दुसऱ्या टोकाला बापाला कळायचं, पोरानं आज नवीन काहीतरी आणलंय. मग तिथूनच शिव्या सुरू होत. किसनला त्या ऐकू येत नसत.

पण कळस झाला तो लग्नात. वसमतकडची मुलगी, द्वारका. मांडवात आंतरपाट धरलेला, भटजींचा हात अक्षतांच्या ताटात, नवरी पाटावर उभी, आणि नवरदेव जागेवर नाही. देवदर्शनाहून परत येताना मांडवामागे सनईवाला एक चाल वाजवत बसलेला त्याला दिसला होता. ती चाल त्यानं जन्मात ऐकलेली नव्हती. बाशिंग बांधलेल्या अवस्थेत तो सनईवाल्याच्या पुढ्यात मांडी ठोकून बसला आणि "पुन्यांदा वाजवा" म्हणाला. दोन्हीकडची माणसं विहिरी धुंडाळून आली. शेवटी नवरीच्या मामानं त्याला बखोट धरून मांडवात आणलं. तोवर द्वारकाबाई त्या कापडाआड किती वेळ उभ्या होत्या, हे त्यांनी पुढे संसारात अनेक प्रसंगी सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तो वेळ थोडा वाढत गेला.

असा माणूस. त्याचं काय झालं, म्हणाल, तर काहीच झालं नाही. कुठल्या एका दिवशी बोट ठेवता येणार नाही. आधी औंढ्याची वाट लांब वाटायला लागली. मग रात्रीचं गार बाधतं म्हणून जागराला जाणं बंद झालं. मग जे गाणं ऐकावं ते आधी ऐकलेल्या कुठल्यातरी गाण्यासारखं वाटायला लागलं, आणि ‘हे त्यातलंच’ हा शब्द तोंडात बसला. शेजारच्या उत्तमरावांनी भोंग्याचा बाजा आणला आणि चावी देऊन सगळ्या गावाला ऐकवला, तेव्हा किसनराव एक तबकडी संपेपर्यंत शहाण्या पाहुण्यासारखे बसले. "बराबर हाये," म्हणाले आणि जनावरांना पाणी दाखवायचं निमित्त काढून उठले. त्यांचा एक सिद्धांतही तयार झाला होता. देवाकडच्या नव्या चाली संपल्या, आता लोक जुन्याच उलट्यासुलट्या करून विकतात. चाली नेमक्या कधी संपल्या, असं उत्तमरावांनी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलेलं साल बरोबर त्यांच्या चाळिशीचं निघालं.

मोटेवरही आता एकच गाणं उरलं होतं. ते त्यांनी स्वतःच कधीतरी जुळवलेलं होतं:

"उतर रं राजा, उतर रं खाली,
पाताळची गंगा भेटाया आली;
सर रं राजा, सर रं मागं,
पाण्याच्या नादानं शिवार जागं."

सोन्या आणि चांद्या त्यावर डोळे मिटून चालत. किसनरावही डोळे मिटून गात. सगळं सुरळीत होतं, आणि सुरळीत असणं त्यांना आवडायला लागलं होतं.

मोऱ्याला मोटेला जुंपलं तो दिवाळीनंतरचा पहिला दिवस. पाण्याची घाई होती. त्या वर्षी विहिरीखालच्या तुकड्यात हळद होती, आणि ती साधीसुधी नव्हे. द्वारकाबाईंनी माहेराहून बेणं आणलं होतं, गाडीत मांडीवर घेऊन, लेकरू आणावं तसं. आपल्या भावाला त्यांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, आमच्या विहिरीला कयाधू नदीचा झरा हाये, तुमच्यापेक्षा चांगली हळद काढून दाखवते. भाऊ संक्रांतीला ती हळद बघायला येणार होता. हळद हे पीक मानी असतं. पाण्याला एक पाळी चुकली की पानं सुरळी करतं आणि सगळ्या गावाला दाखवत बसतं.

किसनराव नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसायला सज्ज झाले आणि त्यांनी गाणं सुरू केलं. चांद्यानं पाय उचलला. मोऱ्या उभाच. जू तिरपं झालं, चांद्या परत मागे आला आणि त्यानं मोऱ्याकडे नाराजीनं पाहिलं. किसनरावांनी आवाज चढवला. मोऱ्यानं कान हलवले, इतकंच. त्यांनी चाबूक उगारला, तर मोऱ्या शांतपणे खाली बसला. बसलेल्या बैलाला गाणं म्हणून दाखवणारा माणूस फार शहाणा दिसत नाही, आणि उत्तमराव नेमके तेव्हाच बांधावर आले.

"किसनराव, बैलाचं गानं काय हाये?"

"काय की. घेतलं न्हाई."

उत्तमराव मोऱ्याभोवती एक चक्कर मारून आले. मग म्हणाले, "पोथी आनली आन् वाचायची कशी ते कुनाला इचारलं न्हाई, अशातली गत झाली." त्यांची स्वतःची मोट अडली होती, म्हणून ते गेले. नाहीतर ते दिवसभर थांबले असते.

पाटाच्या टोकाला द्वारकाबाई फावडं घेऊन पाण्याची वाट बघत होत्या. वाट बघायची त्यांना सवय होती, पण आवड नव्हती. त्या धावेवर, बैलांच्या उतारावर आल्या, त्यांनी बसलेला बैल पाहिला, उभा नवरा पाहिला.

"तांड्यावर जा आन् गानं घेऊन या."

"एका बैलापायी मी ह्या वयात गानं शिकू? बैल तरना हाये. त्यानं शिकावं."

"तुमी बी व्हते की तरने. कुनाकुनापुढं मांडी घालून बसत व्हते."

"तवा चाली व्हत्या. आता न्हाईत."

द्वारकाबाई तशाच माघारी वळल्या. त्या हळदीतून एक पान तोडून आल्या आणि ते सुरळी झालेलं पान त्यांनी किसनरावांच्या पागोट्यात खोवलं.

मग किसनरावांनी बैलाची शाळा काढली. रोज दिवेलागणीला दावणीशी बसायचं, मोऱ्याच्या पुढ्यात, अगदी गुडघा खुराला लागेल इतकं जवळ, आणि ‘उतर रं राजा’ म्हणायचं. मोऱ्या कडबा खात ऐकायचा. तो ऐकणाऱ्यातला वाटायचा, कान इकडे असायचे, पण सकाळी मोटेला जुंपला की पुन्हा तेच. किसनरावांनी सावकाश म्हणून पाहिलं, खालच्या सुरात म्हणून पाहिलं, गूळ देऊन म्हणून पाहिलं. मोऱ्यानं गूळ घेतला. उत्तमराव सांगत सुटले की किसनरावानं बैलाला शिष्य केलाय आणि बैल गुरुदक्षिणा घेऊन राहिला. गाव हसून हसून बेजार झालं. इकडे हळदीची पानं मात्र रोज थोडी आणखी मिटत होती. द्वारकाबाई आता बोलतही नव्हत्या, आणि ते जास्त वाईट होतं.

शेवटी एके सकाळी किसनरावांनी पागोटं बांधलं आणि कुणाला न सांगता तांड्याची वाट धरली.

त्या वाटेवर त्यांनी स्वतःशी खरं काय ते कबूल केलं. ते आजवर कुणाला, द्वारकाबाईंनासुद्धा, सांगितलं नव्हतं. चाली संपल्या वगैरे सगळं झूट होतं. काही वर्षांपूर्वी औंढ्याला एका म्हातारीची ओवी त्यांच्या कानावर पडली होती, आणि ती इतकी नवी होती की अंगावर काटा आला होता. ते तिच्यापुढे बसले, दोनदा ऐकली, तीनदा ऐकली, तिच्याबरोबर म्हटली. आणि गावच्या शिवेवर येईपर्यंत ती पार गळून गेली होती. फुटक्या घागरीनं पाणी आणल्यासारखं झालं. पहिल्या कडव्याचा एक सूरदेखील राहिला नाही. त्या दिवशी किसनराव बांधावर बसून रडले होते. ऐकायचं, जीव लावायचा आणि घरी रिकाम्या हातानं यायचं, यापेक्षा नवीन काही नाहीच असं म्हटलेलं बरं. तेव्हापासून ते ‘त्यातलंच’ म्हणत आले. त्यांना नव्या गाण्यांचा कंटाळा आला नव्हता, त्यांना त्यांची भीती वाटत होती. आता मोऱ्याचं गाणं असंच वाटेत गळालं, तर हळदही जाणार होती आणि उरलीसुरली अब्रूही.

तांड्यावर रतनसिंग त्यांना बघून हसला, पण फार नाही. "माझ्याकून घेन्यापरीस आईकून घ्या," तो म्हणाला. "गानं तिचं हाये. मोऱ्या तिच्याच हाताखाली वाढला."

त्याची आई जमनाबाई किसनरावांहून चांगलीच मोठी होती. हातभर बांगड्या, कमरेत वाकलेली, आणि जिभेनं सरळ. ती वासरं घेऊन ओढ्याकडे निघाली होती. किसनराव जुन्या सवयीनं तिच्या अंगणात मांडी घालून बसले.

"उठा," ती म्हणाली. "हे गानं बसून येत न्हाई. आमचे वाडवडील बैलांवर धान्य लादून मुलूखभर चालायचे, तवाचं हाये. चालायचं गानं चालत शिकायचं."

मग तांड्यानं एक देखावा पाहिला. पुढे वासरं, त्यांच्यामागे जमनाबाई, आणि तिच्यामागे पागोटं सावरत पन्नाशीचा किसनराव, दगडधोंड्यांतून ठेचकाळत. जमनाबाईनं एक लांब उंच हाक घातली, ती बराच वेळ तिथेच धरून ठेवली, आणि मग सूर हळूहळू एकेक पायरी खाली उतरवला. बोल तिच्या बोलीतले होते. दुसरी ओळ आखूड, मागे ओढून घेणारी. किसनरावांच्या अंगावर काटा आला. मग लगेच आठवलं, त्या ओवीनंही असाच काटा आला होता.

"म्हना," जमनाबाई म्हणाली.

त्यांनी म्हटलं. पहिली ओळ पुढे गेली, दुसरी वाटेत पडली.

"हे काय म्हनलात? वासरू बुजलं ना. पुन्यांदा."

ओढा आला, ओढ्यावरून परत फिरले, पुन्हा ओढ्याला गेले. वासरांना तहान उरली नव्हती, पण कुणी त्यांना विचारलं नाही. पहिली ओळ घट्ट झाली. दुसरी येई आणि जाई. किसनरावांनी अर्थ विचारला, म्हणजे काहीतरी धरायला होईल.

"काय अर्थ असनार? बैलाला सांगायचं, मुक्काम त्या टेकडीच्या पल्याड हाये. टेकडी वलांडली की पुना सांगायचं, आता त्या म्होरल्या टेकडीच्या पल्याड."

"मंजे बैलाला फसवायचं."

"तर काय. खरं सांगून कोन चालतंय?" जमनाबाई थांबली. "आता तुमचं द्या. गान्याच्या बदल्यात गानं. आमी फुकट देत न्हाई."

किसनरावांनी ओशाळून ‘उतर रं राजा’ म्हटलं. तेच जुनं, घासून घासून गुळगुळीत झालेलं. जमनाबाई मान तिरकी करून ऐकत होती. गाणं संपलं तशी ती त्यांच्याजवळ सरकली आणि म्हणाली, "पुन्यांदा म्हना."

किसनराव तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. तो शब्द त्यांचा होता, आणि किती वर्षांत त्यांनी तो ऐकला नव्हता. त्यांनी पुन्हा म्हटलं. दुसऱ्या वेळी म्हातारी त्यांच्याबरोबर म्हणत होती, आणि तिचा एक सूर इकडचा तिकडे झाला नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी तोंड गच्च मिटलं. गाणं आत चालू होतं, दोन्ही ओळींसकट, आणि तोंड उघडलं तर ते सांडेल अशी त्यांची खात्री होती. वाटेत माणसं भेटली, राम राम म्हणाली. किसनरावांनी उत्तर दिलं नाही. नमस्कारालाही हात उचलला नाही, कारण हातानं ते मांडीवर ठेका धरत होते. शिवेवर उत्तमराव भेटले. काय किसनराव, कुठून, गानं मिळालं का, असं त्यांनी तीनतीनदा विचारलं. किसनरावांनी डोळे वटारून फक्त मान हलवली, ओठ घट्ट, गाल फुगलेले, आणि एक हात मांडीवर थडथडतोय. उत्तमराव घाबरले. त्यांनी धोतराचा सोगा हातात धरला आणि सुटले ते थेट द्वारकाबाईंच्या पुढ्यात.

"वहिनी, किसनरावची वाचा गेली. हात बी लटपट करून राहिला."

द्वारकाबाई होत्या तशा धावल्या. गावाच्या तोंडाशी त्यांना नवरा दिसला, ओठ मिटलेला, डोळे तांबारलेले. इतक्या दिवसांचा अबोला त्या क्षणी विरघळला आणि त्यांनी त्याला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. "बोला ना. अवो, काहीतरी बोला. जळो ती हळद. मी आता कधी काही म्हननार न्हाई, पन तुमी बोला." मागे बायकांचा घोळका, कुणी कांदा आणा म्हणतंय, कुणी जोडा हुंगवा म्हणतंय. उत्तमराव सगळ्यांना सांगताहेत की मी पाहिलं तेव्हाच ओळखलं.

किसनराव काय करणार. त्यांनी बायकोचा हात धरला, घोळक्यातून वाट काढली आणि तिला ओढत तडक विहिरीवर नेलं. घोळका मागे आला. त्यांनी मुकाट्यानं बैल जुंपले, नाडा जोखला, आणि मग कुठे तोंड उघडून ती लांब उंच हाक घातली.

मोऱ्यानं मान वर केली. त्याचे पाय त्याच्या आधी निघाले. आणि चांद्या, जो आयुष्यभर एकाच गाण्यावर चालला होता, ज्याचं वय सांगायला आता दात मोजावे लागत नव्हते, तो त्या परक्या चालीवर अशा थाटात उतारावरून निघाला की जणू त्याला हे आधीपासूनच ठाऊक होतं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो काही म्हणाला नाही, कुरकुरला नाही, फक्त ऐकलं आणि चालला. नाड्यावर बसलेल्या किसनरावांना आपल्या म्हाताऱ्या बैलापुढे मनापासून लाज वाटली. मोट वर आली आणि विहिरीच्या काठच्या थारोळ्यात भडभडून सांडली. बायकांनी तोंडाला पदर लावले.

आता बैल मागे घ्यायचे. किसनरावांनी दुसऱ्या ओळीसाठी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. खांदे गदागदा हलवले होते ना, त्यात ती ओळ सांडली होती. त्यांनी पहिल्या ओळीवरून पुन्हा धाव घेऊन पाहिली, तर बैल आणखी पुढे जायला निघाले आणि नाडा ताणला. त्यांच्या कपाळावर घाम आला. विचार करायला वेळ नव्हता, आणि माणसाला वेळ नसला की तोंडातून जुनं तेच येतं.

"सर रं राजा, सर रं मागं..."

मोऱ्यानं कान टवकारले. आणि तो मागे सरला. एक पाऊल, दुसरं पाऊल, चांद्याच्या बरोबरीनं, वरपर्यंत. दावणीपाशी इतक्या संध्याकाळी गूळ खात ऐकलं होतं, त्यातलं त्यानं काहीतरी ठेवलं होतं. अर्धं तो शिकला होता, अर्धं किसनराव शिकले होते. मोट विहिरीत उतरली, बुडबुडली, भरली. पुढे जाताना तांड्याचं, मागे येताना चिंचगव्हाणचं, असं ते गाणं त्या दुपारी जुळलं. दुसऱ्यांदा म्हणताना किसनरावांनी दोन्हींच्या मध्ये एक मुरकी घातली. ती कुणाचीच नव्हती, तिथल्या तिथे सुचली होती.

गाव पांगलं. उत्तमराव थोडे हिरमुसले होते. द्वारकाबाई हळदीत उतरल्या आणि वाफ्यावाफ्याला पाणी दाखवू लागल्या. मघाशी आपण चारचौघांत काय बोललो ते आठवून त्या मुद्दाम जास्त जोरानं फावडं मारत होत्या. किसनरावांच्या छातीत मात्र काहीतरी जागं झालं होतं आणि ते स्वस्थ बसू देत नव्हतं. जुन्या, विसरलेल्या चाली ते एकेक करून आत हुडकायला लागले. कितीतरी जागा रिकाम्या होत्या. मग त्यांना लग्नातली सनई आठवली. म्हणजे सनईवाला आठवला, त्याचे फुगलेले गाल आठवले, मामानं धरलेलं बखोट आठवलं. चाल आठवेना. त्यांनी गुणगुणून पाहिलं. दोन सूर आले आणि तिसऱ्याला अडले. ज्या चालीपायी नवरी ताटकळत ठेवली, ती चालच गळून गेली होती. त्यांना फार वाईट वाटलं.

"काय शोधून राहिले?" हळदीतून द्वारकाबाईंनी विचारलं.

"ती... आपल्या लग्नातल्या सनईवाल्याची. कशी व्हती की."

द्वारकाबाई वाकलेल्याच होत्या. त्यांनी मान वर केली नाही, हातातलं काम थांबवलं नाही. चिखलाचा बांध फोडता फोडता त्यांनी ती चाल म्हटली, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मधल्या अवघड वळणासकट.

किसनराव नाड्यावर बसायचे थांबले. "तुला कशी येते ही?"

"मी तिथंच उभी व्हते की, आंतरपाटाआड. समदे तुमाला हुडकायला गेल्ते. तो वाजवून राहिला, मी ऐकून राहिले. दुसरं काय काम व्हतं मला?"

"मंग इतक्या वर्सांत कधी म्हनली न्हाईस."

"तुमी कुठं इचारलं? तुमी औंढ्याला जाऊन राहिलते."

 घरात होती ती चाल, इतकी वर्षं. चुलीपाशी, पाटाच्या कडेला. किसनराव धावेवरून खाली आले, वाफ्याच्या काठाशी गेले, आणि चिखलात, अगदी हळदीला लागून, मांडी घालून बसले.

"पुन्यांदा म्हन," ते म्हणाले.

द्वारकाबाई सरळ झाल्या. पदरानं कपाळ पुसलं. या शब्दापायी आपण किती वेळ उभ्या होतो हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून ते राहू दिलं. "आधी बैल हाका," त्या म्हणाल्या. "खालचे वाफे कोरडे हायेत."

किसनराव उठले, हाक घातली, बैल उतारावरून निघाले, आणि तेवढ्यात हळदीतून ती चाल पुन्हा सुरू झाली. मोट वर आली, थारोळ्यात सांडली, रिकामी लोंबकळत राहिली. बैल उताराच्या टोकाशी येऊन उभे राहिले आणि मागे वळून बघू लागले. किसनरावांनी त्यांना मागे घेतलं नाही. कडवं अजून संपायचं होतं.